परदेशात झाडावर चढायचं काम: कर्ज देण्याआधी काय बघायचं?

सख्यांनो, मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एक वेगळीच कर्जमागणी आली. एका ताईंची मुलगी बारावी झालेली, अंगाने काटक, लहानपणापासून वडिलांबरोबर माडावर चढणारी. कुणी एजंट म्हणाला, "जर्मनीत झाडावर चढणाऱ्यांना मोठा पगार आहे. दोन लाख भरा, थेट कामावर." आधी सगळ्या हसल्या. पण असं काम खरंच असतं, म्हणून ते नीट समजून घेऊ.

तिथे हे लोक नारळ-आंबे काढायला चढत नाहीत. रस्त्याकडेच्या किंवा शाळेतल्या झाडाची फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर झाडाच्या मालकाला जबाब द्यावा लागतो. म्हणून वाळलेल्या फांद्या वेळच्या वेळी काढून घेतात. हे करणाऱ्याला 'बाउमफ्लेगर' म्हणतात, म्हणजे झाडाची निगा राखणारा. मोठी तोड बहुतेक थंडीत होते, कारण पक्ष्यांच्या घरट्यांसाठी १ मार्च ते ३० सप्टेंबर कायद्याची बरीच बंधनं असतात.

आपल्याकडे माडाला खाचा पाडून चढतात. तिथे जगवायच्या झाडाला खाच नाही की खिळ्यांचा बूट नाही; सालीला जखम होते. कमरेला पट्टा, वरच्या जाड फांदीवरून दोर, आणि सगळा भार त्या दोरावर. हातात चेनसॉ असेल तर दोन ठिकाणी बांधून घ्यायचं. एकट्याने चढायचंच नाही. वरचा अडकला तर त्याला उतरवू शकेल असा शिकलेला माणूस खाली हवाच. माडावरून पडलेल्यांच्या घरी आपण जाऊन आलोय, त्यामुळे मला हा नियम सगळ्यात मोलाचा वाटला.

आता 'थेट कामावर' म्हणजे काय ते बघा. दोरावर चढायचा पहिला कोर्स 'एसकेटी-ए', पाच दिवसांचा. त्यात हातकरवत चालते, चेनसॉ नाही. मग ३०० तास दोरावर काम केल्याचा दाखला, जमिनीवर चेनसॉ चालवायचा कोर्स, प्रथमोपचार. हे सगळं झाल्यावर 'एसकेटी-बी', म्हणजे झाडावर चेनसॉ. नवीन माणूस आधी खाली उभा राहून फांद्याच ओढतो. माडावरचा सराव उपयोगी पडेल, पण कागद तिथलाच लागतो.

बारावी झालेल्या मुलीला सरळ वाटेचा एक मार्ग आहे. बागकामाचं तीन वर्षांचं प्रशिक्षण, त्याला 'आउसबिल्डुंग' म्हणतात. शिकताना दरमहा पैसे मिळतात. पण त्याच्या व्हिसासाठी साधारण बी-१ पातळीची जर्मन भाषा यावी लागते. ती इथेच शिकायची.

आणि एजंट? परदेशी नोकरीला पाठवणाऱ्याकडे केंद्र सरकारचा परवाना लागतो; त्याचं नाव ई-मायग्रेटच्या साइटवर बघता येतं. त्याला कामगाराकडून ३०,००० रुपये आणि जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. पावती मागायचीच. या एजंटाकडे मागितली, तर त्याने फोन उचलणंच बंद केलं.

ग्रामसंघाने दोन लाख नाकारले. ताई रागावल्या, दोन बैठकांना आल्या नाहीत. नंतर मुलगीच आली आणि भाषेच्या पहिल्या वर्गाच्या फीपुरतं कर्ज मागितलं. ते मंजूर झालं. पहिला हप्ता तिने वडिलांबरोबर नारळ पाडून भरला.