जुन्या चादरीचीं नवीं वस्त्रें

आमच्या वाचकांत असें घर क्वचितच असेल, ज्यांत जुन्या चादरी, विटलेलीं लुगडीं, अभ्रे आणि पडदे यांचें एक गाठोडें माळ्यावर बांधून ठेविलेलें नाहीं. त्यांतून कोणी पायपुसणें काढितें, कोणी चुलीजवळचें फडकें करितें. उरलेलें सर्व बोहारणीपुढें टाकून एखादें पातेलें घेतलें जातें. आणि त्याच घरीं नाताळ जवळ आला म्हणजे मुलांच्या कपड्यांसाठीं उसने पैसे काढावे लागतात. गाठोडें माळ्यावर आणि कर्ज दारांत, ही स्थिति आम्हीं इतक्या ठिकाणीं पाहिली कीं, एक पाठ शिवणकामास द्यावा असें आम्हांस वाटलें.

पुष्कळ भगिनी म्हणतील, "जुन्या कापडाचें शिवून पाहिलें, चार दिवसांत फाटलें." त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. आमचाहि पहिला अनुभव तोच आहे. घरांतील एक एकेरी चादर होती, दिसावयास अगदीं चांगली. तिची आम्हीं मधोमध घडी घातली आणि त्या घडीवर माप धरून एका लहान मुलीचा झगा कापिला. झगा सुरेख झाला. चौथ्या दिवशीं मुलगी चिंचेच्या झाडावर चढली आणि पाठ खांद्यापासून कमरेपर्यंत उभी फाटली. आम्हीं दोष मुलीस दिला, झाडास दिला, दोऱ्यासहि दिला. पुढें एका वृद्ध शिंपीणबाईंनीं तो झगा उजेडासमोर धरिला आणि एवढेंच विचारिलें, "अहो, माणूस चादरीच्या कडेवर निजतो कीं मध्यें?"

चादर मध्यें झिजते. खांदे, कंबर व टांचा जेथें घासतात तेथील सूत बारीक होतें. कडा गादीखालीं खोंवलेल्या असल्यामुळें जवळजवळ नव्या राहतात. मधोमध घडी घालून कापणें म्हणजे सर्वांत दुबळा भाग नेमका पाठीवर आणून ठेवणें होय. इंग्लंडांतील गृहिणींस ही गोष्ट चांगली ठाऊक होती. चादर मध्यें विरली म्हणजे त्या ती उभी मधोमध फाडीत, बाहेरच्या दोन धड कडा एकमेकींस जोडून मध्यें आणीत, आणि विरलेला भाग बाहेर घेऊन त्याची कड दुमडून शिवीत. अशा रीतीनें तीच चादर आणखी कांहीं वर्षें चाले.

प्रत्येक वस्त्राची झिजण्याची जागा निराळी असते. नऊवारी लुगडें कासोट्याच्या जागीं, जेथें बसतां उठतां ताण पडतो, तेथें आधीं विरतें. खालचा कांठ पायांत येऊन झिजतो. निऱ्यांच्या आंतला भाग मात्र पुष्कळदां धड सांपडतो. पुरुषाचा सदरा कॉलर, कोपर व खांदा येथें जातो. पाठीचा खालचा भाग शेवटपर्यंत टिकतो. खिडकीच्या पडद्याची गोष्ट फसवी आहे. त्यास कोणी घासीत नाहीं, म्हणून तो नवा वाटतो. पण वर्षानुवर्षें ऊन खाल्लेलें सूत आंतून कुजकें होतें आणि हातांत धरतांच कागदासारखें फाटतें.

म्हणून कात्री घेण्यापूर्वीं कापड वाचावें. तें धुवून वाळवावें आणि दारांत उजेडासमोर धरावें. जेथें उजेड जाळीसारखा दिसेल तेथें साबणाच्या चिपेनें रेघ ओढावी. मग दोन्ही आंगठ्यांत दोन इंचांचें अंतर ठेवून कापड एकदां उभें व एकदां आडवें ताणावें. बारीक चर्र असा आवाज झाला किंवा सूत सरकलें तर तो भागहि रेघेच्या आंत घालावा. किनारीस समांतर असलेले उभे धागे बहुधा आडव्या धाग्यांहून बळकट असतात व कमी ताणले जातात. म्हणून कपड्याची लांबी नेहमीं ह्या उभ्या धाग्यांवर धरावी. कापड वांचविण्यासाठीं नमुना आडवा ठेवण्याचा मोह होतो. तो आवरावा.

दुसरी परीक्षा विस्तवाची, आणि ती आम्ही अधिक महत्त्वाची समजतों. आजकालच्या चादरी व पडदे यांत पॉलिएस्टर पुष्कळ असतें. कडेचे दोन-चार धागे काढून चिमट्यांत धरावे व पेटवावे. सुती धाग्यास जळतांना कागद जळल्यासारखा वास येतो व मागें मऊ राख राहते. पॉलिएस्टरचा धागा वितळतो आणि थंड झाल्यावर त्याचा कठीण मणी होतो. राखहि दिसली आणि मणीहि दिसला तर कापड मिश्र आहे असें समजावें. वितळणाऱ्या कापडाचा झगा चुलीजवळ वावरणाऱ्या मुलीच्या अंगावर घालूं नये. पेट घेतला तर तें कातडीस चिकटतें व भाजणें खोल जातें. सुती कापड पेटत नाहीं असें मात्र कोणी मनांत आणूं नये. तेंहि झपाट्यानें पेटतें. म्हणून मुलांच्या कपड्यास लोंबती बाही व मोठा घेर चुलीच्या घरांत ठेवूं नये, मग कापड कोणतेंहि असो.

स्वच्छतेविषयीं थोडक्यांत सांगतों. आजाऱ्याच्या अंथरुणाची किंवा खरूज झालेल्या मुलाची सुती चादर असेल तर ती उकळत्या पाण्यांत काढून कडक उन्हांत वाळविल्याशिवाय कापूं नये. खताच्या किंवा कीटकनाशकाच्या पोत्याचें कापड, कितीही वेळां धुतलें तरी, अंगास लावूं नये.

आतां ठिगळाविषयीं. कोऱ्या कापडाचें ठिगळ जुन्या वस्त्रास कोणी लावीत नाहीं, हें प्रभूचें बोलणें मार्काच्या २ ऱ्या अध्यायांत आपण पुष्कळदां वाचतों, आणि उपदेशक त्यावर बोलतांना लगेच जुन्या व नव्या कराराकडे वळतात. पण ऐकणारे लोक शिवणारे व ठिगळें लावणारे होते, आणि त्यांस त्यांतील साधी गोष्ट आधीं समजली असली पाहिजे. मागावर विणतांना सूत ताणलेलें असतें. पहिल्यानें पाण्यांत पडतांच तो ताण सुटतो व कापड आटतें. जुनें वस्त्र शेंकडों वेळां धुतलेलें असल्यामुळें त्याचें आटणें केव्हांच संपलेलें असतें. त्यावर कोरा तुकडा शिवला आणि तें धुतलें, तर ठिगळ आंखडतें, भोंवतालचें जुनें सूत ओढतें, आणि पूर्वीपेक्षां मोठें छिद्र पडतें. ज्या भगिनीस हें हातानें पाहावयाचें असेल तिनें कोऱ्या मांजरपाटाचा तुकडा मापून रात्रभर पाण्यांत भिजत ठेवावा आणि वाळल्यावर पुन्हां मापावा. तात्पर्य, जुन्या चादरीच्या झग्यास जुन्याच कापडाची पट्टी लावावी. नवी लावणें भागच असेल तर ती आधीं दोनदां धुवावी.

आतां प्रत्यक्ष काप. सहा वर्षांच्या सुमाराच्या मुलीचा झगा घेऊं. छाती २४ इंच असेल तर पुढचा व पाठीचा भाग प्रत्येकीं १२ इंच. त्यांत मोकळेपणास २ इंच व दोन्ही बाजूंच्या शिवणीस मिळून १ इंच मिळवावा, म्हणजे १५ इंच झाले. खांद्यापासून गुडघ्यापर्यंत २४ इंच, खालच्या दुमडीस अडीच इंच आणि खांद्याच्या शिवणीस अर्धा इंच, मिळून लांबी २७ इंच. आतां ६० इंच रुंद व ९० इंच लांब अशी एकेरी चादर पसरावी. मधला विरलेला पट्टा २४ इंच धरिला तर दोन्ही बाजूंस १८-१८ इंचांच्या दोन धड पट्ट्या उरतात. प्रत्येक पट्टींतून २७ इंचांचे तीन तुकडे निघतात, आणि वर ९ इंच शिल्लक राहतात. म्हणजे दोन पट्ट्यांतून सहा तुकडे, अर्थात् तीन बिनबाह्यांचे झगे; शिल्लक तुकड्यांतून गळ्याच्या व बगलेच्या पट्ट्या निघतात. ह्या पट्ट्या तिरप्या कापाव्या. तिरपी पट्टी वळणावर चुणी न पडतां बसते. जी चादर बोहारणीकडे जाणार होती तिच्यांत तीन झगे होते, हें पाहून आम्हांस आमच्याच जुन्या गाठोड्यांची आठवण होऊन वाईट वाटलें.

याहूनहि सोपें काम अभ्र्याचें. उशीचा अभ्रा तीन बाजूंनीं शिवलेलाच असतो. बंद टोंकास गळा व दोन्ही अंगांस बगला कापल्या, कडांस पट्टी लाविली, कीं लहान मुलाचें झबलें तयार. आणि बापाच्या सदऱ्याची गुंड्या-काजांची पट्टी कधीं टाकूं नये. ती जशीच्या तशी ठेवून मुलीच्या पाठीवर उघडणारा झगा कापावा; नवशिकीस सर्वांत कठीण जाणारें काजाचें काम त्यामुळें वांचतें.

शिवतांना तीन गोष्टी सांभाळाव्या. जुनी शिवण ओढून फाडूं नये, टांका टांका कापून उसवावी; आणि सुईच्या जुन्या छिद्रांच्या रांगेवर पुन्हां शिवण घालूं नये, कारण तेथें कापड आधींच टपालाच्या तिकिटासारखें झालेलें असतें. सुई बारीक असावी. यंत्रावर पातळ कापडास ११ व चादरीस १४ नंबरची चालते. टांकाहि फार बारीक घालूं नये. दोरा सुती घ्यावा. जुन्या कापडावर नायलॉनचा चिवट दोरा घातला तर ताण पडतांच दोरा टिकतो आणि कापड कापलें जातें. उसवलेली शिवण दहा मिनिटांत पुन्हां घालतां येते. फाटलेलें कापड येत नाहीं.

एवढें सर्व नीट केलें तरी एक गोष्ट राहते, आणि तिच्यासाठींच आम्हीं हा लेख अधिक लांबविला आहे. एका गांवीं एका मातेनें मोठ्या फुलांच्या चादरीचा झगा शिवून मुलीस रविवारच्या शाळेस पाठविलें. काप चांगला, शिवण चांगली; पण छातीवर थाळीएवढें गुलाबाचें फूल आणि खालीं चादरीचाच पट्टा. मुलें "गादी आली, गादी आली" म्हणून ओरडलीं. मुलगी पुढचे दोन रविवार आली नाहीं. शिक्षकांनीं मुलांस रागें भरलें, तें योग्यच होतें; पण मुलगी त्यानें परत आली नाहीं. मातेनें झगा उसवला, मोठें फूल काढून तेथें त्याच चादरीच्या कोपऱ्यांतील साधा तुकडा घातला, आणि सर्व कापड गडद निळ्या रंगांत मीठ घालून उकळलें. सुती असल्यामुळें रंग धरिला. फुलांची नुसती सांवली राहिली, ती शोभूनच दिसत होती. तिसऱ्या रविवारीं मुलगी येऊन मागच्या बाकावर बसली.

म्हणून आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, चादरीचा मधला चौक, कडेचा पट्टा व मोठें चित्र हीं कपड्याच्या दर्शनी भागांत येऊं देऊं नयेत. जाड वीण असलेली, सोलापुरीसारखी चादर झग्यास घेऊंच नये. तिचें थंडींतलें बिनबाह्यांचें जाकीट मात्र उत्तम होतें. लहान मुलास लाज नसते असें मोठीं माणसें समजतात. मुलांस ती आपल्याहून अधिक असते.

आणि ही कांहीं दीनवाणी युक्ति आहे असेंहि कोणी समजूं नये. ब्रिटनमध्यें १ जून १९४१ पासून कपड्यांवर नियंत्रण आलें. पहिल्या वर्षीं प्रत्येक प्रौढ माणसास ६६ कुपनें मिळत, आणि तें नियंत्रण १५ मार्च १९४९ पर्यंत उठलें नाहीं. १९४३ सालीं तेथील सरकारनेंच जुन्याचें नवें कसें करावें याची पुस्तिका काढिली. विमानहल्ल्यांच्या भीतीनें खिडक्यांस लावावयाचें काळें कापड कुपनांवांचून मिळे, म्हणून त्याचेहि झगे झाले. अमेरिकेंत शेतकऱ्यांच्या घरीं कोंबड्यांच्या दाण्याचीं व पिठाचीं सुती पोतीं कपड्यांस वापरीत. तें पाहून १९३० नंतरच्या काळांत गिरणीवाले फुलाफुलांच्या छापाचींच पोतीं करूं लागले. एका प्रौढ स्त्रीच्या झग्यास साधारण तीन पोतीं लागत, आणि एकाच छापाचीं तीन मिळावीं म्हणून बायका दुकानांत पोत्यांची रास उपसून पाहत. आपल्याकडेहि महायुद्धांत कापडाची टंचाई पडली व १९४३ सालीं कापड-नियंत्रणाचा हुकूम निघाला. घरांत वृद्ध मंडळी असतील तर त्या दिवसांच्या आठवणी त्यांनीं आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकल्या असतील. त्यांस अवश्य विचारावें.

आतां राहिला चादरीचा तो २४ इंचांचा मधला विरलेला पट्टा. त्याचें कांहीं शिवूं नये असें आम्ही वर म्हटलें, तें ताण पडणाऱ्या कपड्याविषयीं. तान्ह्या मुलाच्या लंगोटास व दुपट्यास असेंच शंभरदां धुतलेलें मऊ सूत हवें असतें, आणि आपल्याकडे नवजात मुलास जुन्याच कापडाचीं वस्त्रें करण्याची चाल आहे ती ह्या मऊपणासाठीं मोठी सोयीची आहे. त्यांतूनहि जें उरेल तें गोधडीच्या पोटांत घालावें. वर व खालीं धड लुगड्याचा थर, मध्यें विरलेले तुकडे सपाट पसरलेले, आणि सर्वांतून जवळ जवळ धाव-दोरा. टांके कापडास सर्व बाजूंनीं धरून ठेवितात, म्हणून मधल्या थरावर ओढ पडत नाहीं. मधले तुकडे एकावर एक चढवूं नयेत, कडेस कड लावावी. नाहींतर तेथें उंचवटा होऊन वरचें लुगडें प्रथम त्याच जागीं झिजतें.