शेततळ्यातले मासे मेले नाहीत, म्हणून औषध निर्धोक झालं का?



परवा एका सभासदाने विचारलं, "सर, सोयाबीन फवारून पंप शेततळ्यातच धुतला. रोहू-कटला ठणठणीत आहेत. म्हणजे औषध साधंच होतं ना?" प्रश्न चांगला आहे, म्हणून उत्तर सगळ्यांना देतोय.

*मासा जगला, पण पुढची पिढी?*
काही रसायनं माशाला मारत नाहीत, त्याच्या अंगातल्या हार्मोनचा गोंधळ करतात. मासा दिसायला चांगला असतो, पण अंडी कमी देतो किंवा अंडी फळत नाहीत.

*हे तपासतात कसं?*
कोंबडीच्या अंड्यातला पिवळा बलक आठवा. त्याचा कच्चा माल कोंबडीच्या यकृतात बनतो आणि रक्तातून अंड्यात जातो. मादी माशाचंही तसंच. या प्रथिनाला व्हायटेलोजेनिन म्हणतात. ते बनवायचा हुकूम इस्ट्रोजेन हे मादीचं हार्मोन देतं. नराच्या यकृतातही ही सोय असते, पण हुकूमच येत नाही, म्हणून त्याच्या रक्तात ते नसल्यातच जमा असतं.

चाचणीत नर-मादी मासे २१ दिवस टाक्यांत ठेवतात. एका टाकीत स्वच्छ पाणी, बाकीच्यांत रसायनाचं कमी-जास्त प्रमाण. मग व्हायटेलोजेनिन मोजतात.
▪️ नरात वाढलं, तर रसायन इस्ट्रोजेनसारखं वागतंय.
▪️ मादीत घटलं, तर हार्मोन बनण्यात अडथळा असू शकतो. मात्र उपाशी किंवा आजारी मादीतही ते घटतं, म्हणून इतर लक्षणंही बघतात.

ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २००९ मध्ये ही पद्धत ठरवून दिली. त्यात वापरला जाणारा झेब्राफिश आपल्याच भारतातल्या ओढ्या-नद्यांतला.

*इतकं थोडं काय करणार?*
कॅनडात एका तळ्यात २००१ पासून तीन उन्हाळे गर्भनिरोधक गोळीतलं हार्मोन सोडलं. प्रमाण लिटरला ५-६ नॅनोग्रॅम. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग! नरांत व्हायटेलोजेनिन वाढलं आणि तिथली एक लहान माशांची जात जवळजवळ संपली. तळ्यावर मेलेल्या माशांचा खच पडला नव्हता, नवी पिलंच होईनात. प्रत्येक फवारणीचं औषध असंच करतं असं नाही. पण नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही.

*डब्यावरचा हिरवा त्रिकोण*
लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग औषध किती तीव्र विषारी आहे ते सांगतात. माशांच्या हार्मोनबद्दल त्यातून काही कळत नाही. हिरवा त्रिकोण म्हणजे पाण्यात टाकायला मोकळीक नव्हे.

*आपण काय करायचं?*
✅ पंप ओढा, विहीर, शेततळ्यात धुवू नका.
✅ रिकामा डबा तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता. मग डब्याला भोकं पाडा.
✅ पाण्याच्या कडेचा पट्टा फवारणीविना सोडा. वारा पाण्याकडे असेल तर थांबा.
✅ पाऊस येण्यासारखा असेल तर फवारणी पुढे ढकला.
✅ लेबलवरची मात्रा आणि माशांबद्दलची सूचना वाचा.

आपल्याकडचे बरेच ओढे मांजरेला मिळतात आणि धनेगावच्या धरणाचं पाणी लातूर पितं. आपला पंप कुठे धुतला जातो, याच्याशी त्यांचाही संबंध आहे.

लेबल समजलं नाही तर फोटो पाठवा, फवारणीच्या आधी. 🌱