मन रमेल तिथे बैठक



आजचं चिंतन ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायावर, म्हणजे ध्यानयोगावर. गीतेच्या या अध्यायातल्या अकराव्या श्लोकात भगवंत अर्जुनाला सांगतात, की शुद्ध जागी आपलं आसन मांडावं. ते फार उंच नको, फार सखल नको. त्यावर दर्भ, मृगचर्म आणि वस्त्र असावं. जागेबद्दल हा श्लोक एवढंच बोलतो, शुद्ध असावी. आपले माउली मात्र या एका शब्दापाशी थांबतात आणि पंधराहून अधिक ओव्यांत ती जागा डोळ्यांसमोर उभी करतात. शके 1212 मध्ये, प्रवरेकाठी नेवाशाला सांगितलेलं हे वर्णन आजही वाचताना गार वाटतं.

जागा कशी?

बसलं की उठावंसं वाटू नये. दाट झाडं, मुळापासून गोड आणि सदा फळणारी. पावलापावलावर पाणी, आणि ते पावसाळ्यातही नितळ. ऊन असलं तरी कोवळं, वारा अगदी मंद.

पक्ष्यांबाबत तर माउली फारच गोड बोलतात. पाण्याजवळ हंस असावेत, दोन-चार सारस असावेत, कधीमधी कोकिळा आली तरी चालेल. मोरही कायमचे नकोत, पण येऊन-जाऊन असले तर आमची ना नाही! पोपट आणि भुंगे मात्र नकोत. का? शांतता हवी म्हणून. म्हणजे माउलींना नुसतं सुंदर दृश्य नको आहे. प्रत्येक गोष्ट साधकाच्या मनाला पोषक आहे का, एवढंच ते पाहतायत.

जागा काय करते?

मला सगळ्यात आवडतो तो हा भाग. माउली म्हणतात, तिथे अभ्यास आपला आपणच होऊ लागतो. सहज वाटेने जाणारा, मनात शंभर इच्छा असलेला माणूस चुकून तिथे पोचला, तर तोही परत फिरायचं विसरतो. पाखंडी माणसालासुद्धा तप करावंसं वाटतं. राज्य सोडून इथेच राहावं, असं विलासी माणसाच्याही मनात येतं. जागा जणू आपल्या आत झोपलेल्या वैराग्याला थोपटून जागं करते.

आपण उलटं समजतो. ‘आधी मन शांत होऊ दे, मग साधनेला बसतो.’ सोमवारचं रिलीज, रात्रीचा ऑन-कॉल, ईएमआय… मन शांत व्हायची वाट पाहत वर्षं जातात. माउली सांगतात, तू फक्त तिथे जाऊन बस. थोडं काम जागेलाही करू दे.

बाबांच्या बायपासनंतर डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलंय. मी त्यांना पुण्याच्या वेताळ टेकडीवर घेऊन जातो. दर दहा मिनिटांनी त्यांना बसावं लागतं, मग मीही बसतो. पहिल्या आठवड्यात आम्ही दोघंही फक्त रिपोर्ट आणि गोळ्यांबद्दल बोलायचो. मनात भीती होतीच, बोलून कोणी दाखवत नव्हतं. हळूहळू बोलणं कमी झालं. एकदा लांबून मोराचा आवाज आला. मी उठायला लागलो तर बाबा म्हणाले, “बस रे अजून जरा, नाम घेतोय.” त्यांच्या हृदयाचं पुढे काय, हे मला आजही माहीत नाही. पण त्या दगडावर भीतीच्या शेजारी नामालाही जागा मिळाली, एवढं नक्की.

दोन गोष्टी लक्षात ठेवूया

पहिली: माउलींना ती जागा साधकांनी वसवलेली हवी, पण लोकांच्या वर्दळीने मळलेली नको. म्हणून टेकडीवर जाताना स्पीकर नको, रिकाम्या पाकिटांचा कचरा नको. आपल्या पायांनी दुसऱ्या कुणाची तपोभूमी मळू नये.

दुसरी: ‘आमच्याकडे ना झरा, ना मोर, मग काय?’ त्याचं उत्तरही माउलींनी देऊन ठेवलंय. एकांतात गुप्त मठ असो किंवा शिवालय, चित्ताला जे मानवेल ते घ्यावं. शेवटची कसोटी एकच. मन कुठे स्थिरावतं ते पाहावं आणि तिथेच आसन मांडावं. सोसायटीतला एखादा पिंपळही चालेल.

आजचा अभ्यास

घरापासून चालत जाता येईल अशी एक जागा शोधा. सलग सात दिवस, एकाच वेळी, पंधरा मिनिटं तिथे बसा. मोबाईल खिशात, हेडफोन घरी. पहिली पाच मिनिटं फक्त ऐका, उरलेली दहा नामाला द्या. फोटो काढायचा मोह झाला तर तो आठव्या दिवसावर ढकला.

माउली, आमच्या मनाला बसायला जागा दे.

राम कृष्ण हरी 🙏