योगासनांतील आधार : दुबळेपणा की साधन?

योगासन म्हटले की धनुष्यासारखे वाकलेले तरुण शरीर डोळ्यांपुढे येते. मग ज्यांचे गुडघे वाकत नाहीत, त्यांनी ही वाट सोडायची काय?

या प्रश्नाचे उत्तर पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार (१९१८–२०१४) यांनी दिले. बालपणी क्षय, मलेरिया अशा आजारांनी त्यांना ग्रासले होते. आजारी शरीराची अडचण त्यांना स्वानुभवाने ठाऊक होती. १९३७ साली ते पुण्यास आले. पुढे ठोकळे, पट्टे, दोर, लोड, खुर्ची असे साहित्य त्यांनी योगशिक्षणात आणले. १९७५ साली पुण्यात त्यांची संस्था उभी राहिली आणि ही पद्धती देशोदेशी पोहोचली.

आधाराची कल्पना मात्र जुनीच आहे. योगनरसिंहाच्या मूर्तीत गुडघ्यांभोवती योगपट्ट असतो. समर्थांच्या चित्रात कुबडी दिसते. आसन स्थिर आणि सुखकर असावे, एवढीच पतंजलींची अपेक्षा आहे.

आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली स्थापिलेल्या गुरुकुंज मोझरीच्या आश्रमात सामुदायिक ध्यान-प्रार्थनेची परंपरा आहे. अशा बैठकीत मी वयस्क मंडळी पाहिली आहेत. जन्मभर शेतात राबलेली ही माणसे मांडी घालतात, पण थोड्याच वेळात पाठीला पोक येतो आणि लक्ष प्रार्थनेवरून गुडघ्यावर जाते. कारण साधे आहे. मांड्यांचे सांधे आखडले की गुडघे वर राहतात आणि कंबर मागे ढळते. घोंगडीची चार बोटे उंच घडी बैठकीखाली घ्यावी, अधांतरी गुडघ्याखालीही एक घडी सारावी; पाठ सहज उभी राहते.

हेच तत्त्व इतरत्र लागू पडते. उत्तानासनात हात जमिनीस पोहोचत नसतील, तर ते दोन विटांवर टेकावेत. पश्चिमोत्तानासनात तळपायांना उपरणे अडकवून त्याची टोके धरावीत. शवासनात कंबर दुखत असेल, तर गुडघ्यांखाली लोड ठेवावा. खुर्ची भिंतीला टेकवूनच वापरावी. दोरावरची आसने आणि शीर्षासन जाणत्या शिक्षकाशिवाय करू नयेत. सांध्याला सूज असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे.

आधाराने आळस वाढतो, असा आक्षेप घेतला जातो. शरीर नुसते रेलून राहिले, तर तो खराही ठरेल. म्हणून सराव वाढेल तशी घडीची उंची कमी करून पाहावी. मात्र ज्यांना ती कायम लागेल, त्यांनी संकोच बाळगू नये.

२०१५ पासून २१ जूनला योगदिन साजरा होतो. त्या दिवशी आपल्या महाविद्यालयात सतरंज्यांसोबत घोंगड्यांचा एक ढीगही असावा, म्हणजे मागे उभे राहून पाहणारेही ओळीत येऊन बसतील.