भारतातला फोन, अमेरिकेतलं नेटवर्क

अमेरिकेत नव्यानं आलेल्या मराठी माणसाचा पहिल्या आठवड्यातला एक प्रश्न ठरलेला असतो: कोणत्या कंपनीचा प्लॅन स्वस्त पडेल? न्यू जर्सीतलं एडिसन, कॅलिफोर्नियातलं फ्रीमाँट, टेक्सासमधलं फ्रिस्को अशा ठिकाणी वर्षानुवर्षं राहिलेली कुटुंबं उत्तर देण्याआधी उलट विचारतात: फोन कोणता आणलायस, आणि राहणार कुठं? दराचं बोलणं त्यानंतर.

भारतात दुकानातून घेतलेला फोन सहसा कोणत्याही कंपनीला बांधलेला नसतो. हवं ते सिम घातलं की तो चालू होतो. त्यामुळे अमेरिकेतही तसंच होईल, असं येणारा गृहीत धरतो. ते बऱ्याच अंशी खरं असलं तरी पुरतं खरं नाही. २०२२ या एकाच वर्षात अमेरिकेतल्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी आपलं ३जी बंद केलं. एटी अँड टीनं फेब्रुवारीत, टी-मोबाइलनं जुलैत आणि व्हेरायझननं वर्ष संपता संपता. आता साधा आवाजी कॉलसुद्धा ४जी किंवा ५जी जाळ्यावरूनच जातो. त्या सोयीला व्होएलटीई म्हणतात, आणि ती त्या कंपनीसाठी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये जुळलेली असावी लागते. नाहीतर विचित्र अवस्था होते: इंटरनेट व्यवस्थित चालतं, व्हॉट्सअॅपवर गप्पा होतात, पण बँकेचा किंवा मुलाच्या शाळेचा साधा फोन लागत नाही. असा फोन घेऊन आठवडाभर हिंडलेली माणसं जवळपास प्रत्येक गावातल्या मराठी मंडळात भेटतील.

म्हणून तपासणी विमानात बसण्याआधी करावी. फोनवर *#०६# दाबलं की आयएमईआय क्रमांक दिसतो. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर ‘स्वतःचा फोन आणा’ अशा अर्थाचं पान असतं, तिथं तो क्रमांक टाकला की फोन त्या जाळ्यावर चालेल की नाही ते कळतं. दोन सिमच्या फोनला दोन आयएमईआय असतात. अमेरिकेची लाइन ईसिमवर, म्हणजे फोनमध्येच असलेल्या डिजिटल सिमवर, घ्यायची असेल तर ईसिमच्या बाजूचा क्रमांक टाकायचा, हा बारकावा अनेकांच्या नजरेतून सुटतो. एटी अँड टी आपल्या जाळ्यावर चालणाऱ्या फोनची यादीच प्रसिद्ध करते आणि यादीबाहेरच्या फोनबाबत ती कडक आहे. परदेशी फोन सामावून घेण्यात टी-मोबाइल तिघांत सर्वांत सैल समजली जाते. त्यामुळे भारतातून आणलेला अँड्रॉइड फोन असेल तर जुनी मंडळी सहसा त्याच जाळ्यापासून सुरुवात करायला सांगतात. हा सल्ला रास्त आहे.

दुसरी बाब बँडची. फोन ज्या रेडिओ लहरी पकडतो त्यांच्या पट्ट्यांना क्रमांक दिलेले असतात, आणि भारतात विकायच्या फोनमध्ये भारतात लागणाऱ्या पट्ट्यांना अग्रक्रम असतो. भारतातलं ५जी मुख्यतः एन७८ वर चालतं. अमेरिकेत व्हेरायझन आणि एटी अँड टीचं वेगवान ५जी एन७७ वर आहे, तर टी-मोबाइलचं एन४१ वर. फोनमध्ये एन७८ आहे पण एन७७ नाही, अशा वेळी डब्यावर ५जी छापलेलं असूनही त्या दोन कंपन्यांचा वेग हाती लागत नाही. तरी वेगापेक्षा महत्त्वाच्या आहेत त्या कमी वारंवारतेच्या लहरी. त्या दूरवर पोचतात आणि भिंतींतून आत शिरतात. टी-मोबाइलचे ७१ आणि १२, व्हेरायझनचा १३, एटी अँड टीचे १२ आणि १४ हे क्रमांक फोनच्या तपशिलात आहेत का, ते पाहावं. ते नसतील तर शहराच्या रस्त्यावर सगळं ठीक वाटतं, पण घराच्या तळघरात किंवा गावाबाहेरच्या महामार्गावर रेंज जाते.

नाव एकच, फोन मात्र वेगळा, असंही होतं. भारतात विकला गेलेला सॅमसंग गॅलॅक्सी एस२४ आणि अमेरिकेतला एस२४ यांचे मॉडेल क्रमांक वेगळे आहेत, आतला प्रोसेसरही बहुधा वेगळा. तेव्हा मित्राचा चालतो म्हणून आपलाही चालेल, असं धरू नये. सेटिंगमधल्या ‘अबाउट फोन’मध्ये पूर्ण मॉडेल क्रमांक असतो. शोध त्यावरून घ्यावा. आयफोनच्या बाबतीत ही डोकेदुखी बरीच कमी आहे. शिवाय भारतातल्या बहुतेक आयफोनना सिमचा ट्रे असतो. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनमधून तो १४व्या मालिकेपासून काढून टाकला आहे. म्हणजे भारताचं सिम ट्रेमध्ये तसंच ठेवून अमेरिकेची लाइन ईसिमवर घेता येते, आणि ही फार सोयीची मांडणी आहे.

फोनचं ठरलं की जागेचं. अख्ख्या देशात कोणती कंपनी चांगली, हा प्रश्न नवागताच्या कामाचा नाही. घर, ऑफिस आणि रोजचा रस्ता या तीन ठिकाणी रेंज हवी. संघराज्याच्या दूरसंचार आयोगाचा, म्हणजे एफसीसीचा, नकाशा पत्ता टाकून पाहता येतो. त्याहून खात्रीचं म्हणजे काही कंपन्या ईसिमवर देतात ती काही दिवसांची मोफत चाचणी. भाड्याचं घर पाहायला जाताना ती चालू ठेवावी आणि स्वयंपाकघरात, बाथरूममध्ये, पार्किंगमध्ये उभं राहून कॉल करून पाहावा. बिग सूरच्या किनाऱ्यासारख्या ठिकाणी मात्र लांबच्या लांब पट्ट्यांत कुणालाच रेंज नसते. तिथल्या सहलीआधी नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा.

मिंट, व्हिजिबल, क्रिकेट, यूएस मोबाइल या कंपन्यांची नावं नवागत लगेच ऐकतो आणि गोंधळतो. टॉवर बहुतेक त्या तीन मोठ्या कंपन्यांचेच, नाव आणि दर वेगळे, असा हा प्रकार. मिंट टी-मोबाइलच्या जाळ्यावर चालते आणि २०२४पासून तिच्याच मालकीची आहे. व्हिजिबल व्हेरायझनची, क्रिकेट एटी अँड टीची. यूएस मोबाइलमध्ये जाळं निवडायची सोय आहे. दर कमी असण्याचं एक कारण असं की टॉवरवर गर्दी झाली की मोठ्या कंपनीच्या महागड्या प्लॅनवाल्या ग्राहकांना आधी वाट मिळते, या स्वस्त प्लॅनवाल्यांचा वेग घटतो. एरवी फरक जाणवत नाही. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासारख्या हजारोंच्या गर्दीत किंवा स्टेडियममध्ये जाणवतो. ज्याचं काम फोनच्या हॉटस्पॉटवर अवलंबून आहे त्यानं अग्रक्रम देणारा वरचा प्लॅन घ्यावा. बाकीच्यांनी त्यासाठी दुप्पट पैसे मोजायचं कारण नाही.

सुरुवातीला प्रीपेडच बरं, यावर जवळजवळ सगळ्यांचं एकमत आहे. मोठ्या कंपन्यांच्या पोस्टपेड प्लॅनसाठी पत तपासली जाते. नव्यानं आलेल्याकडे सोशल सिक्युरिटी क्रमांक नसतो आणि पत-इतिहासही नसतो, मग अनामत रक्कम मागितली जाते. प्रीपेडला यातलं काही लागत नाही. मिंटसारख्या कंपनीत कमीत कमी तीन महिन्यांचे पैसे एकदम भरावे लागतात. जाहिरातीतला दर सुरुवातीच्या मुदतीपुरताच असू शकतो, तेव्हा नूतनीकरणाचा दर आधी विचारावा. वर्षाचा प्लॅन पहिल्याच दिवशी घेऊ नये, घर बदललं तर रेंजही बदलते.

डेटाचा हिशेबही वेगळा आहे. भारतात रोज दीड-दोन जीबी आणि २८ दिवसांचा पॅक, अशी सवय असते. मध्यरात्री कोटा नव्यानं सुरू होतो. अमेरिकेत कोटा महिन्याचा असतो आणि ‘अनलिमिटेड’मध्येही ठरावीक जीबीनंतर वेग कमी होऊ शकतो. हॉटस्पॉटची मर्यादा तर बहुतेक वेळा वेगळी असते. एप्रिल २०२४पासून मोठ्या कंपन्यांना प्रत्येक प्लॅनसोबत दर, जादा शुल्क, वेग आणि डेटा दाखवणारं ठरावीक नमुन्याचं लेबल द्यावं लागतं. जाहिरात बाजूला ठेवून ते लेबल वाचावं. घरी आणि ऑफिसात वाय-फाय असेल तर अनेकांचं काम महिना पाच-दहा जीबीत भागतं. ‘दर लाइनला अमुक डॉलर’ हा आकडा मोठ्या कंपन्यांत बहुधा चार लाइन घेतल्यावरचा असतो. चार मित्रांनी मिळून असा फॅमिली प्लॅन घेतला आणि एकानं पैसे चुकवले, तर पत खराब होते ती ज्याच्या नावावर खातं आहे त्याची.

सगळ्यात जास्त मनस्ताप होतो तो भारतातल्या नंबरमुळे. बँक, म्युच्युअल फंड, आधार, आयकर, सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. तो बंद पडला तर हजारो मैलांवरून परत मिळवणं अतिशय कठीण जातं. निघण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्यावं. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत. डेटा रोमिंग मात्र आठवणीनं बंद ठेवावं. भारताच्या दूरसंचार नियामकाच्या, म्हणजे ट्रायच्या, नियमानुसार प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करू शकते, आणि खात्यात किमान २० रुपये असतील तर तेवढे कापून मुदत ३० दिवसांनी वाढवता येते. तेवढ्यावर विसंबू नये. रिचार्जची तारीख घरातल्या कुणाकडे तरी सोपवावी आणि अधूनमधून त्या सिमवरून एखादा एसएमएस पाठवावा. मुक्काम लांबणार असेल तर अनिवासी भारतीयांच्या एनआरई-एनआरओ खात्यांना अमेरिकेचा नंबर जोडण्याची सोय आपल्या बँकेत विचारावी. जानेवारी २०२३मध्ये यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं दहा देशांतल्या नंबरांवरून अशा खात्यांचं यूपीआय वापरायला वाट करून दिली, त्यात अमेरिका आहे.

घरात रेंज कमी असेल तर वाय-फाय कॉलिंग उपयोगी पडतं. ते सुरू करताना पत्ता मागितला जातो, तो ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकासाठी. घर बदललं की हा पत्ता त्याच दिवशी बदलावा, कारण मदत त्याच पत्त्यावर पोचू शकते.

कंपनी बदलताना नंबर सोबत नेता येतो. त्यासाठी जुन्या कंपनीकडून खाते क्रमांक आणि ट्रान्सफर पिन घ्यावा, आणि नंबर नव्या कंपनीकडे पोचेपर्यंत जुनं खातं बंद करू नये.

आई-वडील सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा त्यांच्या भारतातल्या फोनची तपासणीही याच क्रमानं करावी. त्यांना तीन महिन्यांचा प्रीपेड पॅक दोनदा घेतला की पुरतं. त्यांच्यासाठी साधा कॉल लागणं डेटापेक्षा मोलाचं. दुपारी घरात एकटे असताना ते व्हॉट्सअॅप शोधत बसणार नाहीत, नंबर दाबतील. आणि परत जाताना त्यांना अमेरिकेत घेतलेला नवा आयफोन द्यायचा असेल, तर त्यात सिमचा ट्रे नाही हे त्यांना आधी सांगावं. जिओ, एअरटेल आणि व्ही तिघांकडे ईसिम मिळतं, पण जुन्या सिमवरून ते बदलून घेताना ओटीपी आणि एसएमएस लागतात. त्यामुळे नवा फोन नीट सुरू होईपर्यंत त्यांचा जुना फोन चालू राहू द्यावा.