किरकोळ नुकसान आणि विम्याचा दावा

मोटारगाडी फाटकातून मागे घेताना खांबाला धक्का लागतो आणि बंपर फुटतो. इजा कोणालाच झालेली नसते. गाडीचा विमा आहे, हप्ता वेळेवर भरलेला आहे. तेव्हा दुरुस्तीचा खर्च विमा कंपनीकडे मागावा, असे मालकाला साहजिकच वाटते. परंतु असा दावा नेहमीच हिताचा असतो असे नाही. हिताचा कोणता, हे साध्या अंकगणिताने ठरविता येते.

विम्याचे दोन भाग

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार इतरांना होणाऱ्या हानीचा, म्हणजे त्रयस्थ व्यक्तीचा, विमा सक्तीचा आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा ऐच्छिक असतो. येथील विवेचन फक्त या दुसऱ्या भागाचे आहे. अपघातात कोणी जखमी झाले असेल, तर प्रश्न हिशेबाचा राहत नाही. पोलिसांना व विमा कंपनीला कळविणे हे कर्तव्यच ठरते.

हातात किती पडते?

समजा, १२०० घन सेंटिमीटर इंजिनाच्या गाडीच्या दुरुस्तीचा खर्च पुढीलप्रमाणे आहे : प्लास्टिकचा बंपर ६,००० रुपये, मजुरी १,००० रुपये, रंगकाम ४,००० रुपये, एकूण ११,००० रुपये. विमा कंपनी ही सर्व रक्कम देत नाही. प्लास्टिक व रबराच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो; म्हणून बंपरचे ३,००० रुपयेच मिळतात. रंगकामाच्या खर्चाचा चौथा हिस्सा रंगाच्या साहित्याचा धरून त्यावरही ५० टक्के घसारा लागतो. म्हणजे ५०० रुपये वजा होऊन ३,५०० उरतात. मजुरी पूर्ण मिळते. बेरीज ७,५०० झाली. त्यातून १,००० रुपयांचा सक्तीचा स्वभार मालकाने सोसावयाचा असतो. अखेर हाती येतात ६,५०० रुपये.

हातचे काय जाते?

ज्या वर्षी दावा केला जात नाही, त्याच्या पुढील हप्त्यात सूट मिळते. तिला ‘नो क्लेम बोनस’ म्हणतात. सलग एक, दोन, तीन, चार व पाच वर्षे दावा न केल्यास ही सूट अनुक्रमे २०, २५, ३५, ४५ व ५० टक्के होते. ती केवळ स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर असते. एक दावा केला की ती शून्यावर येते आणि पायऱ्या पुन्हा पहिल्यापासून चढाव्या लागतात.

आपल्या मालकाची सूट आज ३५ टक्के आहे. सूटीपूर्वीचा हप्ता १०,००० रुपये आहे. गाडी जुनी होते तसा तो बदलतो; पण सोयीसाठी तो कायम धरू. दावा न केल्यास पुढील पाच वर्षांची सूट ४५, ५०, ५०, ५०, ५० टक्के. केल्यास ०, २०, २५, ३५, ४५ टक्के. दोहोंतील फरक ४५, ३०, २५, १५ व ५ टक्के. बेरीज १२० टक्के. म्हणजे ६,५०० रुपयांसाठी १२,००० रुपये गमवावयाचे!

याच हप्त्याची गाडी प्रथमच घेतलेल्या, पहिल्या वर्षातील मालकाचा फरक मात्र २०, ५, १०, १० व ५ टक्के, म्हणजे ५,००० रुपयेच होतो. त्याला दावा लाभाचा ठरतो. बंपर तोच, खर्च तोच. उत्तर मात्र वेगळे.

संभवाचा विचार

पुढे एखादा मोठा अपघात होऊन दावा करावाच लागला, तर राखलेली सूट तशीही जाईल. दरवर्षी तसे घडण्याचा संभव दहात एक धरला, तर दुसऱ्या वर्षाचा फरक ०·९ ने, तिसऱ्याचा ०·८१ ने, याप्रमाणे गुणावा लागतो. मग १२,००० च्या जागी सुमारे १०,६५० रुपये येतात. पहिल्या मालकाचा निर्णय तरीही बदलत नाही.

निर्णयापूर्वी

प्रथम दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा. बंपरच्या आड दडलेली मोडतोड बाहेरून दिसत नाही. घसारा न कापण्याचे किंवा सूट राखण्याचे जादा संरक्षण घेतले असल्यास हिशेब बदलतो. अपघाताची सूचना कंपनीला तत्काळ देण्याची अट असल्याने विचारात फार दिवस घालवू नयेत. निराळ्या वेळी लागलेले दोन धक्के हे दोन निराळे दावे होत. प्रत्येकात स्वभार वेगळा कापला जातो. तसेच विमा संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण न केल्यास साठलेली सूट बुडते.

डॅनिएल बर्नुली या गणितज्ञाने १७३८ मध्येच दाखविले होते की, व्यापाऱ्याने जहाजावरील मालाचा विमा उतरावा की नाही, हे त्याच्या एकूण संपत्तीवर अवलंबून असते. जे नुकसान सहज सोसता येते ते स्वतः सोसावे आणि ज्याने संसार कोलमडेल ते विम्यावर सोपवावे, हेच त्याचे तात्पर्य होय.

अभ्यासासाठी : एका मालकाची सूट ५० टक्क्यांवर पोचली आहे व सूटीपूर्वीचा हप्ता १०,००० रुपये आहे. गाडीची पुढील काच फुटून ८,००० रुपये खर्च आला. काचेवर घसारा नसतो. स्वभार १,००० रुपये. त्याने दावा करावा काय?