आधी नंबर कोणाचा?

राशनच्या दुकानात जो आधी येतो, त्याचा नंबर आधी लागतो. मागून येऊन कोणी मध्ये घुसला, तर आपण म्हणतो, "भाऊ, मागे व्हा." ते बरोबरच आहे. रांग पाळणे हा न्याय आहे.

पण दवाखान्यातल्या एका खोलीत हा नियम चालत नाही. तिला तातडीचा विभाग म्हणतात. कोणी अपघात विभाग म्हणतात, कोणी कॅज्युअल्टी. तिथे ज्याच्या जिवाला धोका जास्त, त्याचा नंबर आधी. असे का, ते पाहू.

समजा, पावसाळ्याचे दिवस आहेत. संध्याकाळची वेळ. आपल्या आर्वीच्या सरकारी दवाखान्यात पाठोपाठ चार माणसे आली. पहिल्याला दोन दिवसांपासून सर्दी-खोकला आहे. दुसरा मोटारसायकलवरून पडला आहे. त्याचा हात मोडला आहे आणि तो मोठ्याने ओरडतो आहे. तिसरी एक बाई. वावरात निंदण करताना तिला पान लागले, म्हणजे साप चावला. ती काही बोलत नाही, पण तिच्या पापण्या जड होऊन मिटत आहेत. चौथा एक म्हातारा. छातीवर दडपण आहे आणि अंगाला दरदरून घाम सुटला आहे.

आता सांगा, आधी कोणाला बघावे?

आल्याच्या क्रमाने गेलो, तर सर्दीवाला पहिला. ओरडण्याच्या क्रमाने गेलो, तर हात मोडलेला पहिला. दोन्ही चूक! बाईच्या पापण्या मिटतात, म्हणजे नागाचे किंवा मण्यारीचे विष अंगात भिनत चालले आहे. थोड्या वेळात तिचा श्वास बंद पडू शकतो. म्हाताऱ्याला हृदयाचा झटका असू शकतो. अशा रोग्याचा ईसीजी, म्हणजे हृदयाचा आलेख, १० मिनिटांच्या आत काढावा असा वैद्यकातला दंडक आहे. म्हणून हे दोघे आधी. मोडलेल्या हाताला कळ फार लागते, पण तो झोळीत बांधून थोडे थांबता येते. सर्दीवाल्याने तर सकाळी साध्या तपासणीला आले तरी चालते.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. जो ओरडतो, त्याचा श्वास निदान चालू आहे. जो गप्प पडला, त्याच्याकडे आधी धावावे.

ही रीत लढाईच्या मैदानावर जन्मली. सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी फ्रान्समध्ये नेपोलियनच्या सैन्यात लारे नावाचा शस्त्रवैद्य होता. शिपाई की सरदार, हे तो पाहत नसे. जखम किती भारी, हे पाहून तो उपचार करी. आज मोठ्या रुग्णालयांत दाराशीच नर्स रोग्याची नाडी, श्वास, रक्तदाब आणि शुद्ध तपासते. मग त्याला रंग ठरतो. लाल म्हणजे आत्ताच. पिवळा म्हणजे लवकर. हिरवा म्हणजे थांबता येईल. तेव्हा आपल्या मागून आलेल्याला आधी आत नेले, तर भांडू नका. उद्या तो लाल रंग आपल्या घरच्याला लागू शकतो. मात्र थांबलेल्या रोग्याची तब्येत बिघडली, तर गप्पही बसू नका. नर्सबाईंना लगेच सांगा. रंग बदलू शकतो.

आता दुसरी गोष्ट. निवड नीट झाली, तरी पुष्कळदा खोलीत दाटी होतेच. का? वावरात पाणी देताना पाहा. पुढच्या वाफ्याचे तोंड बंद असले, की पाणी पाटात तुंबते. दवाखान्याचे तसेच आहे. वॉर्डातली खाट रिकामी झाली नाही, तर तातडीच्या खोलीतला रोगी वर जात नाही. तो गेला नाही, तर दारातला आत येत नाही. डॉक्टरांनी सकाळी सुट्टी दिली, आणि "आज अमावस्या आहे, उद्या नेऊ" म्हणून आपण खाट अडवली, तर कोणाचा तरी रोगी दारात ताटकळतो.

तिसरी गोष्ट तुमच्या हातातली आहे. रोग्याबरोबर पाच माणसे येतात आणि पाच गोष्टी सांगतात. डॉक्टरांचा वेळ त्यातच जातो. तुम्हांला आता लिहिता येते. मग गाडीत बसल्या बसल्या चिठ्ठी लिहा. रोग्याचे नाव, वय. काय झाले. किती वाजता झाले. कोणती औषधे चालू आहेत. कोणते औषध सोसत नाही.

यात वेळ फार महत्त्वाची. एखाद्याला लकवा मारला, तर मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन काही रोग्यांना देता येते. पण ते पहिल्या साडेचार तासांतच. आर्वीहून वर्धा पन्नासेक किलोमीटर. तासभर तर वाटेतच जातो. "जेवताना बरा होता" असे सांगून भागत नाही. "रात्री ८ वाजता बरा होता" असे लिहा. त्या एका ओळीवरून डॉक्टर ठरवतात.

फवारणीच्या विषाचेही असेच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विष बाधून वीसाहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा वेळी विषाने भिजलेले कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाच्या डब्यावरचे नाव चिठ्ठीत उतरवून घ्या. विष कोणते ते कळले, की उतारा लवकर ठरतो.

आणि शेवटी, सगळ्यात लांब वाट दवाखान्यात नाही, घरीच पाहिली जाते. "सकाळी बघू", "आधी मांत्रिकाला दाखवू", यात रात्र जाते. १०८ नंबर फिरवा. ही गाडी महाराष्ट्रात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

विचार करा आणि लिहा:
१. चार रोग्यांपैकी आधी कोणाला बघावे? का?
२. वॉर्डातली खाट अडली, तर दारातल्या रोग्याला उशीर का होतो?
३. घरातल्या वडीलधाऱ्यांचे नाव, वय आणि चालू औषधे एका कागदावर लिहा. तो कागद आजच भिंतीला लावा.